टिल्लूचा बाप आला होता, तो भाग

भटूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतजवळ पलसाण्याला गोदामात रंगाचे ड्रम उतरवून घेत होतो. फोन विजयचा, त्याच्या मुलाचा. "काका, पप्पा ऑफ झाले," तो म्हणाला. सुरतमध्ये जन्मलेली आमची मुलं असंच म्हणतात. इतकी वर्षं हा शब्द कानावर पडतो आहे, पण त्या सकाळी तो माझ्या डोक्यात शिरेचना. "कोण ऑफ झालं?" मी विचारलं. "पप्पा, काका. चहा घेतला, खुर्चीत बसले, अन्..." त्याच्या मागे बायका रडत होत्या. इकडे ट्रकवाला मला विचारत होता, किती ड्रम राहिले. मी त्याला हाताने थांबायला सांगितलं आणि तसाच उभा राहिलो.

दीड महिना होत आला. एवढ्या दिवसांत मी चार वेळा हे लिहायला बसलो आणि चारही वेळा उठलो. भटूदादाची कीर्ती सांगावी असं त्याच्या आयुष्यात काही नव्हतं. सुरतच्या लिंबायत भागातल्या हजारो लूम कारागिरांपैकी, म्हणजे यंत्रमागवाल्यांपैकी, तो एक. पण एक गोष्ट मी त्याला सांगायला हवी होती आणि ती सांगायची राहून गेली. आता ती कुणाला सांगू, म्हणून इथे सांगतो आहे.

धुळे जिल्ह्यातलं आमचं गाव एकच. दहावीला मी दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, भर गल्लीत मला सांगितलं, "मना घरमा पाय ठेऊ नको." मी सतरा वर्षांचा होतो. शब्द खरा मानायचं वय ते. अंगावरच्या कपड्यांनिशी सुरतची पॅसेंजर धरली आणि उधन्याला उतरून विचारत विचारत भटूदादाच्या खोलीवर आलो. तो माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा, सख्खं नातं काही नाही, फक्त गावचा. दार उघडून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवना का?" बाकी काहीच विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आठवड्याभरात त्याने मला आपल्याच कारखान्यात मागावर उभं केलं.

आमच्या पाळ्या उलट्या होत्या. पंधरा दिवस तो दिवसपाळीला, मी रातपाळीला, मग अदलाबदल. खोली लहान असली की माणसं अशाच पाळ्या मागून घेत, म्हणजे एक कामावर असताना दुसऱ्याला पाय पसरता येत. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एवढ्याच वेळी आमची गाठ पडायची, तीही चालू मशीनपाशी. मागांचा खडखडाट असा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. कारागीर तिथे हातांनी आणि ओठांनी बोलतात. धागा कुठे तुटतो, कुठला माग त्रास देतो, शेठ आला होता का, सगळं बोटांवर. भटूदादाने मला ती भाषा मागाच्याही आधी शिकवली.

त्याच वर्षी टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची. आठवड्यातून एकदा, रात्री नऊला. तिचं नाव आमच्या गल्लीत कुणी घेत नसे. सगळे तिला "टिल्लूवाली" म्हणत. उत्तरेकडचं एक छोटं गाव, रेल्वेची वसाहत, तिथला टिल्लू नावाचा मुलगा, त्याची बहीण, दोन मित्र आणि मालगाडीवर गार्ड असलेला कडक बाप. टिल्लू मोठा होतो, एवढीच गोष्ट. मग टिल्लू नापास होतो, घर सोडतो आणि मोठ्या शहरात एका सायकलच्या दुकानात कामाला लागतो... तिथून पुढे माझा जीव त्या मालिकेत अडकला. कोपऱ्यावरचा किराणावाला आपला छोटा टीव्ही दुकानाच्या तोंडाशी आणून ठेवायचा आणि आम्ही रस्त्यावर पोती टाकून बसायचो. पण पाळ्या उलट्या, त्यामुळे दोन भाग मी पाहिले की पुढचे दोन भटूदादा पाहायचा. ज्याने पाहिलं त्याने दुसऱ्याला सांगायचं, असा नियमच झाला. पाळी बदलताना मशीनपाशी तो घाईघाईने हातांनी मुख्य बातमी द्यायचा. कपाळावर आडवा तळहात म्हणजे गार्डची टोपी, म्हणजे बाप. करंगळी म्हणजे टिल्लू. खांद्यावर दोन बोटं म्हणजे वेणीवाली बहीण. मग सुट्टीच्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळं सविस्तर.

मला सांगता येत नसे. मी आपलं, टिल्लू शाळेत गेला, मास्तराने मारलं, संपलं, असं सांगायचो. तो वैतागायचा. "तू सिरीयल सांगी राह्यना का पोलिसले जबानी दी राह्यना?" त्याचं सांगणं मात्र असं, की चहा गार व्हायचा. पाऊस कुठून आला, टिल्लूने हात कशाला पुसले, बहीण दाराआड उभी राहून काय पुटपुटली... टपरीवाला कप धुता धुता थांबायचा.

एका आठवड्यात मशीनपाशी त्याने हातांनी बातमी दिलीच नाही; सुट्टीला टपरीवर आला तो बसायच्या आधीच म्हणाला, "टिल्लूना बाप उना ना भो!"

मी कप खाली ठेवला. "कुठे? दुकानावर?"

"हा. सायकलना दुकानवर. टोपी काखमा. टिल्लू पंक्चर काढी राह्यना व्हता, त्याले दिसनाच नही. बाप उभा. मालक म्हणे, कोन पाहिजे? तरी बाप गप."

त्याने सांगितलं ते असं. टिल्लूने मान वर केली, बापाला पाहिलं आणि हातातलं चाक तसंच धरून ठेवलं. बाप जवळच्या खोक्यावर बसला. पिशवीतून फडकं काढलं. त्यात कळण्याची भाकर आणि ठेचा. एक अर्धी टिल्लूपुढे ठेवली, एक अर्धी स्वतः घेतली. दोघं जेवले. बाप चकार शब्द बोलला नाही. घरी चल म्हणाला नाही, नापासाचं काढलं नाही. निघताना फक्त एवढंच म्हणाला, की म्हैस व्याली आहे. तुझी माय म्हणत होती, पोराला खरवस आवडतो.

"बस?" मी विचारलं.

"बस. चालना गया."

मला रडू येत होतं आणि ते दाबायला मी काहीतरी विचारलं. "त्यांच्याकडे पण कळण्याची भाकर करतात?"

"मंग? गरीबनं घर सगळीकडे सारखंच ऱ्हास," भटूदादा म्हणाला आणि चहाचा मोठा घोट घेतला.

ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकर आमच्या खानदेशाबाहेर फारशी कुणी खात नाही. रेल्वेच्या क्वार्टरात राहणारा गार्ड म्हैस कुठे बांधतो, हाही प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी खानदेशातला, भटूदादा खानदेशातला, आमचा टिल्लूही हळूहळू तिकडचाच झाला होता. त्यानंतरची आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आली तेव्हा मी रजा काढली आणि गावाला गेलो. आबांशी बोलणं सुरू झालं. त्यानंतर आबा बरीच वर्षं जगले. माझं लग्न त्यांनी लावलं, माझी मुलगी त्यांनी खांद्यावर फिरवली, आणि जाताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ही सगळी वर्षं मला कशामुळे मिळाली, ते मी कुणाला सांगितलं नाही. टीव्हीवरच्या बापाने मला घरी पाठवलं, हे सांगायची लाज वाटायची.

पुढे माझं लग्न झालं, गावी असलेली भटूदादाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सुरतला आल्या आणि खोली सुटली. मी माग सोडून पलसाण्याला रंगाई कारखान्यात लागलो. तो मागावरच राहिला, कान पुरते बधिर होईपर्यंत. मग घरी बसला. आम्ही भेटायचो ते सणावारी, लग्नांत, कुणाच्या तरी दहाव्याला. अशात गेल्या वर्षी माझ्या जावयाने मुंबईच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्या मालिकेचा डीव्हीडी संच आणला. सहा डिस्कचा, खोका कोपऱ्यांवर झिजलेला, वर टिल्लूचं चित्र. मला इतका आनंद झाला, की मी जेवण सोडून तसाच स्कूटरवर भटूदादाकडे गेलो. त्याने खोका हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "आखी शे का याच्यामा?"

"आख्खी. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आरे वा," तो म्हणाला. थोडा वेळ तो टिल्लूच्या चित्रावर अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, त्यालाही माझ्यासारखंच झालं आहे.

डीव्हीडी प्लेअर आता कुणाकडे असतो? विजयने एका दुरुस्तीवाल्याकडून शोधून आणला. वरून थाप मारल्याशिवाय त्याचा कप्पा उघडत नसे. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. पहिले काही रविवार काय सांगू... किराणावाल्याच्या टीव्हीवर सगळं काळंपांढरं पाहिलेलं, इथे रंग होते. टिल्लूच्या बहिणीच्या रिबिनी हिरव्या निघाल्या. "मी लाल समजी राह्यनतू," भटूदादा म्हणाला आणि कितीतरी वेळ स्वतःशी हसत राहिला. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी त्याला हातांनी सांगायचो. कपाळावर आडवा तळहात, करंगळी, खांद्यावर दोन बोटं. इतक्या वर्षांनी हातांना ते सगळं आठवत होतं. विजयचा मुलगा मोबाईलवरून मान वर करायचा. "दादा, बहुत स्लो है ये. इसमें कुछ होता ही नहीं." सून स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, मोठ्यांना बघू दे."

मग डिस्क जसजशा पुढे सरकल्या तसे भटूदादाचे रविवार चुकायला लागले. एकदा डोळे दुखत होते. एकदा पाहुणे येणार होते, ते आलेच नाहीत. मी मात्र उतावीळ झालो होतो. "दादा, आता बाप येतो तो भाग येईल. तो मी पाहिलेलाच नाही!" तो म्हणायचा, "जुनं ते जुनंच बरं शे, सुभ्या. कशाले उकरस?" मला वाटलं, म्हातारपण. मी आग्रह केला. खरं सांगायचं तर मी त्याला त्या रविवारी हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं.

सायकलचं दुकान आलं. टिल्लू पंक्चर काढत होता. मी पुढे सरकून बसलो. दिवस मावळला, मालकाने दुकान बंद केलं, कुणीही आलं नाही. मग टिल्लू स्टेशनवर गेला. एक मालगाडी न थांबता निघाली होती. शेवटच्या डब्यात बाप उभा, हातात हिरवं निशाण. टिल्लूने हात वर केला. बापाचं लक्ष पुढे सिग्नलकडे होतं. गाडी लहान होत गेली, आणि नावं सुरू झाली. पुढच्या भागात टिल्लू परीक्षेचा फॉर्म भरत होता. मला वाटलं, मधला भाग सुटला. मी मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. भाग सुटला नव्हता. बाप त्या दुकानात कधी आलाच नव्हता.

"दादा," मी त्याच्याकडे वळून मोठ्याने म्हणालो, "बाप कुठे आहे? आणि म्हैस? म्हैस कुठे बांधलीस?" घरातले सगळे बघायला लागले, म्हणून मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. कळण्याची भाकर, ठेचा, खरवस. सून पदर तोंडाला लावून हसली. विजय म्हणाला, "पप्पा, रेल्वेवाल्याच्या घरी कळण्याची भाकर?" आणि त्याचा मुलगा ओरडला, "दादा ने तो लंबी फेंकी!" भटूदादाही हसला. सगळ्यांकडे बघून, थोडं उशिरा. मग पाणी पिऊन येतो म्हणून उठला.

निघताना तो मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. तिथे, कुणी नसताना, त्याने मला विचारलं, "तुले काय सांगतू मी? गाडी निघी गयी, आसं?"

तो क्षण होता. मी अजून त्या हसण्यातच होतो. त्याला कळावं म्हणून हात नाचवत म्हणालो, "पण खोटं सांगितलंस ना!"

"हा," तो म्हणाला. "खोटं सांगं."

घरी जाताना रेल्वेच्या गरनाळ्यात, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यात, मला ते सगळं एकदम समजलं. त्या वर्षी त्याने तो भाग पाहिला असेल, मालगाडी निघून गेलेली पाहिली असेल, आणि ते मला कसं सांगायचं याचा विचार करत त्याने सुट्टीपर्यंतचे दिवस काढले असतील. मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. मागे वळून पुन्हा त्याच्या घरी जावं, असं मनात आलं. पण घरात पुन्हा सगळे असतील, सकाळी लवकर पलसाण्याला जायचं आहे, पुढच्या रविवारी सांगू... पुढच्या रविवारी माझ्याकडे लग्न निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी कारखान्यात माल आला. मग विजयचा फोन.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेलो. पिशवीत शेवटची डिस्क होती. ती का नेली, मला माहीत नाही. दुपारची वेळ, विजय कामावर, सून मुलाला आणायला शाळेत गेलेली. वहिनी भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. भटूदादाची खुर्ची कुणी हलवली नव्हती. मी प्लेअरपाशी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. त्याच्यामा काय शे?" वहिनी अजून अहिराणीच बोलतात; पुढचं बोलणं मी वाचणाऱ्यांसाठी जरा सोपं करून लिहितो.

"मी तेव्हा गावाला होते," त्या म्हणाल्या. "तिथे कुठला टीव्ही? ते दिवाळीला यायचे तेव्हा मला सांगायचे सगळं. टिल्लू घरी जातो तो भाग तुम्ही पाहिला का?"

माझ्याकडची डिस्क तोवर पाहायची राहिली होती. मी नाही म्हणालो.

"आखाजीचा दिवस असतो," वहिनी सांगू लागल्या. "पोरी लिंबाला झोके बांधून गाणी म्हणत असतात. टिल्लू बसमधून उतरतो, पण गावात शिरत नाही. उजेडात लाज वाटते ना. विहिरीपाशी बसून राहतो, दिवस बुडेपर्यंत. मग घरी येतो. बाप ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळत असतो. वर बघत नाही. टिल्लू उभा. बाप वर बघत नाही. आणि मग... दोराचं दुसरं टोक त्याच्याकडे फेकतो." लसणाची पाकळी त्यांच्या हातात तशीच होती. "एका माणसाला नीट वळता येत नाही ना दोर. टिल्लू टोक धरतो. दोघं पीळ घालतात. पूर्ण दोर होईपर्यंत एक शब्द नाही. आणि मग बाप म्हणतो, जेवी ले."

मी खाली बसलो. ती विहीर आमची होती. तो ओटा आमचा. आबा त्या संध्याकाळी तसेच बसले होते, आणि दोराचं टोक माझ्या पायाशी येऊन पडलं होतं. गावाहून परतलो त्या संध्याकाळी पाळी बदलताना भटूदादाने भुवया उडवून विचारलं होतं, आणि मी त्या खडखडाटात दोन्ही मुठी उलट्या फिरवून त्याला तो दोर दाखवला होता. त्याहून जास्त काही मी बोललो नव्हतो. विहीर आणि लाज त्याने स्वतःच ओळखली होती.

"हा भाग ते मला दर दिवाळीला सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायची, अहो, हा झालाय सांगून. तर म्हणायचे, परत दाखवला. अन् दरवेळी सांगताना असे खूश, जसा यांचाच पोरगा घरी आला." त्या हसल्या आणि पदराने डोळे टिपले. "पण पुढचं कधी सांगितलं नाही. मी विचारायची, मंग जेवण झाल्यावर काय झालं? तर म्हणायचे, मी रातपाळीला होतो. तो भाग सुभ्याच्या वाट्याला आला, त्याला विचार."

बाहेर एक रिक्षा थांबली आणि पुढे निघून गेली. वहिनींनी सूप बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या.

जेवण झाल्यावर काय झालं, ते मी भटूदादालाही कधी सांगितलं नव्हतं. मला सांगता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मी सुरुवात केली. आकाश कसं होतं, ते आधी सांगितलं. आईने भांडी घासताना पाठ का वळवली, ते सांगितलं. टिल्लू घर सोडून गेल्यावर त्याची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, तिचा दोर झिजून तुटला होता. बापाने कंदील जवळ ओढला, ती खाट अंगणात आडवी पाडली आणि विणायला घेतली.

"तो दोर त्या खाटेसाठी होता, वहिनी," मी म्हणालो. "टिल्लू यायच्या आधीच त्याने वळायला घेतला होता."

मला थांबावं लागलं. वहिनी माझ्याकडे जरा झुकून म्हणाल्या,

"मंग?"